ग्रे कापडाच्या गावातला मुस्तफा

"मुस्तफा आठवतो का रे?"

भिवंडीत हा प्रश्न तसा अडचणीचा. कुठला मुस्तफा? निजामपुऱ्यात दर गल्लीला एक सापडेल. पण चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस असा उलट प्रश्न करत नाही. तो डाव्या मुठीत न दिसणारा दांडा धरतो, उजव्या हाताची दोन बोटं हवेतच ठोकायला लागतो आणि म्हणतो, "पळत येऊन लाथ!"

हा मुस्तफा म्हणजे मुस्तफा कैरो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेल्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या गेममधल्या चार नायकांपैकी एक. गेम बेतला होता मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर. सव्विसावं शतक, उद्ध्वस्त शहरं, पृथ्वीवर परतलेले डायनोसॉर, त्यांची चोरटी शिकार करणारी टोळी, आणि त्या टोळीला आठ टप्प्यांत बडवून काढणारे चौघे: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. पडद्यावर गेमचं लांबलचक इंग्रजी नाव झळकायचं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. चौघांतला जो सगळ्यात चपळ, त्याचंच नाव गेमला पडलं. नुसत्या भिवंडीतच नव्हे, अख्ख्या भारतात पडलं, सरहद्दीपलीकडे पाकिस्तानातही पडलं.

तरी भिवंडीत त्या नावाला वेगळी गोडी होती. त्या काळच्या हिंदी सिनेमात या नावाचा माणूस बहुतेक वेळा नायकाचा जिवलग दोस्त असायचा आणि मध्यंतराच्या आसपास नायकासाठी गोळी खायचा. इथे मुस्तफा स्वतःच नायक होता. तो मेलाच, तर तो आपल्या नालायकीने मरायचा आणि एक रुपयात परत उभा राहायचा.

मागच्या हिवाळ्यात धामणकर नाक्याजवळ रात्री उशिरा चहा पिताना आमच्या तिघांत हा विषय निघाला. एक कोकणी मुसलमान, एक पद्मानगरचा तेलुगू पद्मशाली, तिसरा मी. तिघांच्या मुलांना गेम म्हटला की मोबाइल दिसतो. आम्हाला आधी एक वास आठवला: तापलेल्या पिक्चर ट्यूबचा, घामाचा आणि शेजारच्या कारखान्यातून येणाऱ्या मशीन ऑइलचा.

हा सगळा काळ नीट सांगायचा तर आधी कापडाबद्दल बोलावं लागतं.

भिवंडी जे विणते त्याला धंद्यात ग्रे म्हणतात. मागावरून उतरलेलं कोरं कापड. न धुतलेलं, न रंगवलेलं, न छापलेलं. ते ताग्यांच्या गठ्ठ्यांतून दुसऱ्या गावी जातं, तिथे त्याला रंग चढतो, काठावर कुणाचं तरी नाव उमटतं आणि मग त्याला बाजारात भाव येतो. विणणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या बंद पडल्यावर त्यांचं बरंचसं काम भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं. माग वाढले, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून येणारी माणसं वाढली. ही माणसं बारा-बारा तासांच्या पाळीत राबायची, बिशीत, म्हणजे सामायिक खाणावळीत, जेवायची, खोलीत पाळीपाळीने झोपायची. आणि शुक्रवारी माग बंद. एक पूर्ण दिवस मोकळा आणि खिशात थोडे पैसे. व्हिडिओवर सिनेमा दाखवणारी दुकानं याच गिऱ्हाइकावर चालली, आणि व्हिडिओ गेमची दुकानंही.

पण गेम भिवंडीत आधी दुकानात आला नाही. आधी तो सुटकेसमधून आला.

कोकणी मुसलमानांची घरं इथली जुनी, आणि घरटी एखादा माणूस आखातात. दुबईहून, कुवेतहून येणाऱ्या सामानात टेपरेकॉर्डर असायचा, मिक्सर असायचा, आणि ऐंशीचं दशक सरता सरता एक प्लॅस्टिकचा डबाही यायला लागला. "तुझ्या मामाने आणलेला तो पहिला," पद्मशाली मित्र म्हणाला. कोकणी मित्राने दुरुस्ती केली: "मामा नाही, चुलतमामा. आणि त्याने स्वतःसाठी आणला होता. रात्री आम्ही झोपल्यावर खेळायचा."

तो डबा मुळात कुणाचा? १५ जुलै १९८३ ला निन्टेन्डोने जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' विकायला काढला, मासायुकी उएमुरा यांच्या रचनेचा. आठ बिटी मेंदू, दोन किलोबाइट कामचलाऊ स्मृती, किंमत १४,८०० येन. याच डब्याचं रूप पालटून निन्टेन्डोने १९८५ मध्ये तो अमेरिकेत नेला. पण भिवंडीत आला तो ना हा ना तो. तैवान आणि हाँगकाँगच्या कारखान्यांनी जपानी यंत्राच्या हुबेहूब नकला काढल्या, पुढे चीननेही. रशियात त्यातली एक नक्कल 'डेंडी' नावाने घरोघर गेली. आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशी नावं होती. 'समुराई' या नावाने तर रीतसर विक्रीचाही प्रयत्न झाला. पण सर्वसामान्य पोराला त्या सगळ्या नकलांत रंगाखेरीज फरक कळत नव्हता, आणि आतली कॅसेट यातून काढून त्यात घातली तरी चालायची.

भिवंडीला यात नवल वाटण्याजोगं काहीच नव्हतं. माल एकच, छाप वेगळी. हा तर इथला रोजचा धंदा. ज्याला इंग्रजीत ग्रे मार्केट म्हणतात त्या बाजाराची समज या गावाला उपजतच असावी. शेजारी उल्हासनगर होतं, जिथल्या मालावरच्या 'यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगितला जायचा. आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड एका दिवसात जाऊन येण्याइतका जवळ.

अस्सल मालाची गोष्टही सांगायला हवी, म्हणजे नकलेचं राज्य का चाललं ते कळेल. नव्वदच्या दशकाच्या मध्याला सेगाची 'मेगा ड्राइव्ह' भारतात रीतसर विकायला आणली शॉ वॉलेसने. हो, तीच मद्यवाली शॉ वॉलेस. किंमत होती १८,००० रुपये. त्या पैशांत कुणी मुलासाठी डबा घेईल की घरासाठी फ्रीज, याचं उत्तर त्या कंपनीला लवकरच मिळालं असावं.

नकली डब्याची आपली एक भाषा होती. त्यात कार्ट्रिज नव्हतं, 'कॅसेट' होती. कंट्रोलर नव्हता, 'रिमोट' होता. डबा लावायचा म्हणजे टीव्हीमागची अँटेनाची वायर उपटायची आणि तिथे डब्याची खोचायची, मग चॅनेलचं चाक फिरवत फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं. ते सापडेपर्यंत घरात बातम्यांची वेळ व्हायची आणि वायर पुन्हा उपटली जायची. कॅसेट चालली नाही की तिच्या दातांवर फुंकर मारायची. या फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने दात गंजतात. कॅसेट काढून पुन्हा घातल्याने संपर्क जुळतो, एवढंच. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी ते या दोघांना सांगितलं, आणि दोघांनीही ते मानलं नाही.

कॅसेटवर '९९९९ इन वन' लिहिलेलं असायचं. सुरू केली की समुद्रकिनाऱ्याचं चित्र, उडणारे पक्षी, मागे एक हळवी इंग्रजी धून आणि लांबच लांब यादी. खाली जावं तसतसं लक्षात यायचं, की पंचवीस-तीस गेमच उलटून-पालटून हजारो वेळा लिहिलेत. चौथ्या क्रमांकाचा मारिओ, चारशेव्या क्रमांकावर तोच मारिओ, फक्त दुसऱ्या जगातून सुरू होणारा. 'कॉन्ट्रा'चंही तसंच. हे कोनामीचं १९८७ चं युद्ध, दोन उघडे सैनिक आणि 'एस' अक्षराची पंख्यासारखी गोळ्या झाडणारी बंदूक, जिच्यासाठी सख्खे भाऊ भांडले. त्यात तीस लाइफ मिळवायची एक गुप्त किल्ली होती: वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, मग बी आणि ए. ती किल्ली कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रेडियस' या दुसऱ्याच गेमसाठी बनवली होती, कारण तपासताना तो त्यांना स्वतःलाच जमेना. ती जपानमधल्या कुठल्याशा खोलीतून वंजारपट्टीच्या नाक्यापर्यंत कशी पोचली? इंटरनेट नव्हतं, आमच्यापैकी कुणी इंग्रजी मासिक पाहिलेलं नव्हतं. "सुट्टीत मुंब्र्याची आतेभाऊ मंडळी आली होती, त्यांनी आणली," कोकणी मित्र ठामपणे म्हणाला. त्यांना कुणी दिली, हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि 'टँक'. या गेमचं खरं नाव 'बॅटल सिटी', नाम्कोने १९८५ मध्ये काढलेला. विटांच्या भिंती, मधोमध खाली आपला गरुड, वरून येणारे शत्रूचे रणगाडे. दोघांनी मिळून गरुड राखायचा, आणि चुकून आपल्याच साथीदाराच्या गोळीने विटा फुटल्या तर शिव्या खायच्या. हा गेम त्या काळी अमेरिकेत विकलाच गेला नाही. निन्टेन्डोवर वाढलेल्या तिकडच्या पिढीला तो जवळपास ठाऊकच नाही. भिवंडीच्या पोराला मात्र त्याची सुरुवातीची धून झोपेतही ओळखता येते. आपल्याकडे गेमचा इतिहास लिहिताना अमेरिकेतल्या गेमच्या धंद्यातली १९८३ ची मंदी, मग निन्टेन्डोने ती सावरली, असली उसनी गोष्ट सांगायची पद्धत आहे. तिच्याशी भिवंडीचा संबंध नाही. आमचा नकाशा जपान, तैवान, हाँगकाँग, दुबई, सहार विमानतळ, कल्याण नाका असा होता.

आता विजेबद्दल.

यंत्रमागाच्या गावात वीज ही हवामानासारखी असते. लोक तिच्याबद्दल रोज बोलतात. सगळे माग चालू असले की दाब पडायचा आणि टीव्हीचं चित्र चारही बाजूंनी आकसायचं. मारिओ बुटका व्हायचा, आणि ते शत्रूचा धक्का न लागताच. शेजारच्या शेडमध्ये मोटरचं बटण पडलं की पडद्यावर रेघा. आणि मग लाइट जायची. 'सुपर मारिओ'मध्ये आठ जगं, बत्तीस टप्पे. कुठे थांबून उद्या तिथूनच सुरू करायची सोय नाही. तुमची लाइफ, तुमची नाणी, तुम्ही कुठवर आलात, हे सगळं त्या दोन किलोबाइटमध्ये, आणि वीज गेली की ते कोरं. आठव्या जगात लाइट गेल्यावर माणूस ओरडतही नाही. तो अंधारात रिमोट हातात धरून बसून राहतो. खिडकीबाहेर माग थांबलेले असतात, आणि भिवंडीत कधी न ऐकू येणारी एक गोष्ट ऐकू येते: शांतता.

२००१ मध्ये दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडल्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात तुटवडा वाढत गेला आणि भारनियमनाने दिवसाचे तासच्या तास गिळले. मात्र तोपर्यंत घरचा डबा माळ्यावर गेला होता. राज्य होतं ते पार्लरचं.

पार्लर म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, दाराला जाड पडदा किंवा अर्धं खाली ओढलेलं शटर, आत चार-पाच मशीन. बाहेरून सनमायका लावलेला प्लायवुडचा खोका, आत जुन्या रंगीत टीव्हीची ट्यूब. आतल्या वायरिंगला १९८५ पासून जपानी उद्योगाने एकच पद्धत ठरवली होती, त्यामुळे मालकाला नवा गेम आणायचा तर खोका बदलावा लागत नसे. मागचं दार उघडून जुना बोर्ड काढायचा, नवा खोचायचा. काल जिथे 'स्ट्रीट फायटर' होता तिथे आज 'मुस्तफा'. बोर्डही बहुतेक नकलीच. आवाज कधी मूळपेक्षा वेगळा, कधी बाद, पण लाथ तीच.

एक रुपयाला एक डाव. मालकाला सगळे चाचा म्हणायचे, मग तो मोमीन असो की अण्णा. चाचाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कान सदैव मशीनकडे, कारण पोरांकडे युक्त्या होत्या. नाण्याला दोरा बांधून आत सोडायचं आणि ओढून घ्यायचं, ही जुनी. खरी शोधबुद्धीची होती ती गॅसच्या लायटरची. लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीजवळ पाडली की मशीनला वाटायचं रुपया पडला. आईच्या ओट्यावरून लायटर गायब होण्याचं प्रमाण त्या काळात भलतंच वाढलं होतं. एका चाचाने शेवटी फटीभोवती पत्रा ठोकला. पद्मशाली मित्र म्हणाला, "तो पत्रा आमच्याच शेडमधला. मीच नेऊन दिला होता, चार डाव फुकट मिळाले."

इथे गर्दी दोन प्रकारची असे. दुपारी शाळा बुडवून आलेली पोरं, आणि शुक्रवारी सुताच्या कांड्या भरणारे, माग चालवणारे तरुण. आझमगढहून आलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि सातवीतला मराठी शाळेतला पोरगा एका मशीनवर खांद्याला खांदा लावून. मुस्तफा कोण घेणार, यावर आधी तंटा. हरणाऱ्याला मेस मिळायचा. दणकट पण संथ. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी दोन सुरे घेतलेला बुचर आला की मागे उभी असलेली बघ्यांची रांग सूचना द्यायला लागायची: "खाली, खाली! आता उड!" सूचना हिंदीत, उर्दूत, मराठीत, तेलुगूत. रस्त्यावर पडलेलं खाणं उचललं की शक्ती भरते, त्यासाठी "तू खा, माझी फुल आहे" हे सौजन्य मी याच गाळ्यात पहिल्यांदा पाहिलं.

गेम निघाला त्या १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटलेली होती. १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर होरपळलेली भिवंडी तेव्हा मात्र शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीच्या वर्षांत गल्लोगल्ली बांधलेल्या मोहल्ला समित्यांचं ते काम, आणि त्यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याच्या श्रेयातला वाटा पार्लरला देण्याचा मोह मी आवरतो. पण त्यानंतरच्या वर्षांत आमच्या आयांना भीती वाटायची ती पोरगा पार्लरमध्ये पैसे उडवतो याची, तो कुणाच्या शेजारी उभा राहून खेळतो याची नाही.

पार्लरची बदनामी मात्र खरी होती. परवाना लागायचा, दर मशीनमागे करमणूक कर भरावा लागायचा, आणि काही ठिकाणी गेमच्या आडून जुगाराची मशीनंही चालायची. धाड पडली की पडद्याआडून पोरं मागच्या बोळात पळायची, मुस्तफा पडद्यावर एकटाच मार खात राहायचा.

हा काळ संपला तो एका दिवसात नाही. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने 'मेम' काढलं, म्हणजे जुनी आर्केड मशीन साध्या संगणकात उभी करणारा प्रोग्रॅम. दोन-तीन वर्षांत 'मुस्तफा' सीडीवर मिळायला लागला, सीडीवर मार्करने हेच नाव लिहिलेलं. कॅपकॉमने हा गेम घरच्या यंत्रांसाठी कधी काढलाच नाही, त्यामुळे नकलेखेरीज तो घरी खेळायला दुसरा मार्गही नव्हता. मग तासाला दहा रुपयांचं प्लेस्टेशन आलं, सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी' आणि 'काउंटर-स्ट्राइक' आले. बटणं ठोकायचा जमाना जाऊन माउस आला. चाचांनी गाळ्यात मोबाइल रिचार्ज सुरू केलं.

आणि मग वीज आली. २६ जानेवारी २००७ ला भिवंडीचं वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेलं, देशातला अशा प्रकारचा पहिला प्रयोग. त्याआधी गळती आणि थकबाकी मिळून तूट ५८ टक्क्यांच्या घरात होती. बिलांवरून मोर्चे निघाले, भांडणं झाली, ती आजही संपलेली नाहीत. पण लाइट राहायला लागली. आठव्या जगापर्यंत बिनधोक पोचता येईल इतकी. तोवर मारिओ खेळणारं कुणी उरलं नव्हतं.

आता माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळकडे भाताच्या शेतांवर गोदामं उभी आहेत, मैलोन्मैल. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर ती वाढली, २०१७ मध्ये जकात जाऊन जीएसटी आला तरी वाढतच राहिली. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू मुंबईला जातात त्या इथूनच. पद्मशाली मित्राने माग भंगारात विकले, आता तो यातल्याच एका गोदामात पाळीप्रमुख आहे. त्याने सांगितलं, की मध्यंतरी फडताळावर एक खोका आला, वर जुन्या डब्याचं चित्र आणि 'शेकडो क्लासिक गेम' असं इंग्रजीत. "उघडून बघितलास?" "बघायला परवानगी नाही. पण चित्रात टँक होता."

त्याच्या विकलेल्या शेडमध्ये पार्लरमधला एक खोका कित्येक वर्षं पडून होता. ट्यूब काढलेली, बोर्ड काढलेला. आत कांड्या भरून ठेवायचे. नाण्याची फट तशीच होती, भोवतीच्या पत्र्यासकट.

चहा संपला, तेव्हा वाद सुरू झाला. कोकणी मित्राचं म्हणणं, त्याने एका रुपयात अख्खा मुस्तफा संपवला होता, आठही टप्पे, १९९६ च्या मे महिन्यात. पाऊण तास एकाच नाण्यावर. शेवटी पडद्यावर तीन अक्षरं टाकून नाव कोरायचं असतं, तेही त्याने कोरलं होतं, पहिल्या क्रमांकावर.

"कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. चाचांनी स्वतः पाहिलं."

चाचा वारले. आणि त्या बोर्डांत आकडे साठवून ठेवायची सोयच नव्हती. रात्री मेन स्विच ओढला की यादी पुसली जायची आणि सकाळी कॅपकॉमने घालून दिलेली तीच जुनी नावं परत.

"मग दुसऱ्या कुणाला बोलवून दाखवायचंस ना, लगेच," पद्मशाली मित्र म्हणाला.

"बोलवायलाच गेलो होतो," तो म्हणाला. "परत आलो तर लाइट गेलेली."